सही खरी होती, पेन खोटं निघालं

माझ्या कपाटात एक लाल चेंडू आहे. त्यावर आता फक्त एक चंदेरी शेपूट उरलंय. बाकीची सही फडक्याला लागली.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात कांगा लीगची (मुंबईतली पावसाळी क्रिकेट स्पर्धा) मॅच बघायला एक जुने कसोटीपटू आझाद मैदानावर येणार, अशी खबर भाच्याने आणली. चेंडू घरात होता, पेन नव्हतं.

लाल चेंडूवर कुठलंही पेन चालत नाही. नव्या चेंडूला पॉलिश असतं, त्यावर बॉलपेन घसरतं. काळा-निळा मार्कर उठून दिसत नाही. (पांढऱ्या चेंडूवर चालतो, पण शोकेसवर ऊन येत असेल तर तीही सही हळूहळू उडते.) लालवर चंदेरी किंवा सोनेरी पेंट मार्कर लागतो, आणि तोही ऑइलवाला. पाण्याचा पेंट पॉलिशवर नुसता बसतो, धरत नाही. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तर जास्त चीड येते.

दुकानदार म्हणाला, "साहेब, ओरिजनल जपानी. बाहेर साडेपाचशे, तुम्हाला तीनशे." कागदावर रेघ ओढून दाखवली. एकदम चकचकीत! कागदावर काय, काहीही चकाकतं. मी दिले तीनशे.

मैदानात साहेबांनी अगदी प्रेमाने सही केली. "नवीन बॉल आहे, खेळायचं ना याने?" असंही विचारलं. मी चेंडू दोन बोटांत धरून अर्धा तास वाळवला, डब्यात घालून घरी आणला. आठवड्याने धूळ दिसली म्हणून जरासं ओलसर मलमलचं फडकं फिरवलं. फडकं चंदेरी झालं.

मग पेन नीट पाहिलं. ऑइल पेंटचं टोपण काढलं की थिनरसारखा वास नाकात जातो. याला वासच नव्हता. अंगावरची कंपनीची अक्षरं नखाने निघाली, खाली दुसरंच लेबल. म्हणजे स्वस्तातला पाण्याचा मार्कर, वर जपानी कपडे.

आता मी पेन घेतलं की आधी जुन्या चेंडूवर रेघ मारतो. रात्रभर ठेवतो, सकाळी ओल्या बोटाने घासतो. आणि नवं पेन खेळाडूपुढे पहिल्यांदा उघडत नाही. आधी हलवून, निब रद्दीवर दाबून पेंट उतरवून घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच अक्षरावर थेंब सांडतो.

पेन घेऊन दुकानात गेलो. पैसे परत नाहीतच. वर म्हणतो कसा, "तुमचा बॉलच दमट असेल. असं करा, सही केलेलाच घ्या ना, सर्टिफिकेटसकट." काउंटरखालून खोका काढला. आत सहा चेंडू, सहांवर त्याच साहेबांची सही. क्षणभर हात पुढे गेला, खोटं कशाला बोलू! मग दोन चेंडू शेजारी-शेजारी धरले. शेपटीचा बाक तोच, टिंब त्याच जागी. तिसरा उचलला, तोही तसाच. माणूस एकाच हाताने सहा सह्या करतो तेव्हा एक तरी वाकडी जाते. माझ्या चेंडूवरचं शेपूट तर शिवणीला अडखळून वर उडालेलं आहे.