बॅट डिटेक्टर: डबा साधा, पण स्टेशनं भारी लागतात

अंबाजोगाईत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळं कुठलीही वस्तू आली की आधी स्क्रू काढून आत बघायची खोड. वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज ऐकवणाऱ्या या डिटेक्टरच्या आत फार काही नाही. बारका माइक, डायलवर लावलेला सूर काढणारा ऑसिलेटर, तो सूर माइकच्या आवाजात मिसळणारा मिक्सर, छोटा अॅम्प्लिफायर आणि 9 व्होल्टची बॅटरी. म्हणजे आपला रेडिओच, एरियलच्या जागी माइक. वटवाघूळ 35 किलोहर्ट्झवर ओरडलं आणि डायल 33 वर असली, की मधला 2 किलोहर्ट्झचा फरक शिट्टीसारखा ऐकू येतो. आपला कान 20 च्या वर बहिराच. एवढ्या मालाला घरपोच साडेनऊ हजार जास्त आहेत, पण सोल्डरिंग स्वच्छ आहे, खोटं कशाला बोलू.

घेतल्यावर किल्ल्यांचा जुडगा हलवून बघा. त्या खुळखुळाटातही अल्ट्रासाऊंड, म्हणजे कानाच्या पलीकडचा उंच आवाज असतो. डबा खरखरला तर माइक शाबूत.

खरी परीक्षा झाली मेहुण्याच्या गावातल्या पडक्या गढीवर. तळघरात लांब शेपटीची वटवाघळं राहतात, शास्त्रीय नाव रायनोपोमा हार्डविकी. वजन दहा-पंधरा ग्रॅम, आणि शेपटी उंदराची आणून चिकटवल्यासारखी मोकळी लोंबते. थंडीआधी ही शेपटीच्या मुळाशी आणि पोटाखाली चरबी साठवतात आणि किडे कमी झाले की तिच्यावर गुजराण करतात. दिवस मावळता आम्ही बाहेरच बसलो. डायल 32-33 च्या आसपास नेली आणि पट्-पट् आवाजांची झड लागली.

मग खरी गंमत. एकटं उडताना हे साधारण 32.5 वर ओरडतं. घोळक्यात मात्र कुणी 30, कुणी 32.5, कुणी 35 धरतं, म्हणजे ज्याच्यावरून अंधारात वाट काढायची, तो एकाचा प्रतिध्वनी दुसऱ्याच्या आवाजात मिसळत नाही. 1981 सालच्या एका अभ्यासात हे नोंदलेलं आहे. डायल सावकाश फिरवली तर सूर खालीवर होताना कळतो. मी जन्मभर लोकांच्या रेडिओवर एकमेकांत घुसणारी स्टेशनं वेगळी करत आलो, आणि ही मंडळी ते उडता उडता करतात! मेहुणा म्हणाला, "दाजी, आता घरी चला, जेवण थंड झालं." मी काय उठतोय.

तक्रारी आहेतच. स्पीकर फुसका आहे, इयरफोन लावा. पावसाळ्यात नाकतोडे आणि रातकिडे इतका गोंगाट करतात की वटवाघूळ शोधावं लागतं. एलईडी बल्बखाली उभं राहिलात तर त्याच्या ड्रायव्हर सर्किटची चिरचिर फुकट मिळते. आणि डायल 130 ला संपते. पानासारखं नाक असलेल्या काही जाती दीडशेच्या आसपास ओरडतात, त्या यात येतच नाहीत. तसा इतका उंच आवाज हवेत लवकर विरतो, त्यामुळं ती फार जवळून गेली तरच उपयोग.

दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या बोगद्यात नेऊ नका. तिथं वटवाघळं भरपूर, पण पर्यटकांच्या किंकाळ्यांपुढं डब्याचं काही चालत नाही. गढी असो की लेणं, आत शिरून बॅटरी मारायची नाही. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, गडबडीत ते खाली पडलं तर संपलं.

नवशिक्यानं घ्यावा, माझ्याकडून पाचपैकी चार. नोंद ठेवायची असेल तर रेकॉर्डिंगवाला महागडा डबा लागतो. तो घ्यायचा की दुकानाला नवा इन्व्हर्टर, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.