आयफोननंतर अँड्रॉइड: आठ महिन्यांनी फोनवर उरलेले बदल

पाच वर्षे आयफोन वापरल्यानंतर गेले आठ महिने मी अँड्रॉइड फोन वापरतो आहे. फोनची कंपनी आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण कॅमेऱ्याविषयी किंवा बॅटरी किती टिकते याविषयी मला काही लिहायचे नाही. अँड्रॉइडवर फोन हवा तसा बदलून घेता येतो, असे आपण नेहमी ऐकतो. त्यांपैकी कोणते बदल आठ महिन्यांनंतरही माझ्या फोनवर टिकले आहेत, एवढेच सांगायचे आहे. मी मुद्रितशोधनाचे काम करतो आणि दिवसाचा बराचसा वेळ मराठी मजकुरात जातो, तेव्हा माझा कल कोणीकडे असेल हे वाचणाऱ्याने आधीच गृहीत धरावे.

सुरुवात माझ्याच उतावळेपणाने बिघडली. आयफोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो आणि अँड्रॉइडवर गूगल खात्यात, त्यामुळे एकीकडचा बॅकअप दुसरीकडे थेट उघडत नाही. जुनी संभाषणे केबल लावून आणता येतात खरी, पण माझ्या फोनवर ती सोय पहिल्या सेटअपच्या वेळीच मिळत होती. मी मात्र दोन दिवस आयकॉन आणि वॉलपेपर लावण्यात घालवले, आणि मग सगळे पुसून फोन पुन्हा कोरा करावा लागला.

पहिला महिना दिसण्यातच गेला. आयओएस १८ येईपर्यंत, म्हणजे २०२४ पर्यंत, आयफोनच्या होम स्क्रीनवर आयकॉन वरून सलग रांगेतच बसत; त्या सवयीतून आलेल्या माणसाला आयकॉन कुठेही ठेवता येणे हीच चैन वाटते. मी वेगळा लाँचर, म्हणजे होम स्क्रीनची मांडणी सांभाळणारे ॲप बसवले, आणि सगळ्या आयकॉनना एकसारखे रूप देणारा आयकॉन पॅक घेतला. पॅकमध्ये जगभरातली नावाजलेली ॲप होती, पण महावितरणचे, एसटीचे आणि माझ्या सहकारी बँकेचे ॲप कुठून असणार? नव्या गणवेशातल्या वर्गात तीन-चार मुले घरच्या कपड्यांत बसावीत, तशी ती उठून दिसू लागली. शिवाय कडेवरून बोट फिरवून होम स्क्रीनवर परतताना बाहेरच्या लाँचरवर दर वेळी बारीकसा झटका बसे. तिसऱ्या महिन्यात मी फोनच्या मूळ लाँचरवर परतलो. अँड्रॉइड १२ पासून वॉलपेपरमधले रंग उचलून बटणे आणि मेनू रंगवण्याची सोय आहे. तेवढी सजावट मला पुरते.

खरा फरक पडला तो भाषेमुळे. फोनची भाषा मराठी केल्यावर मेनू तर मराठीत आलेच, पण घड्याळ आणि बॅटरीची टक्केवारीही देवनागरी अंकांत दिसू लागली. केडब्ल्यूजीटी नावाच्या ॲपमध्ये स्वतःचे विजेट, म्हणजे होम स्क्रीनवर माहिती दाखवणारी चौकट, रचता येते आणि त्यात आपल्या पसंतीचा फॉन्टही घालता येतो. मी त्यात ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घालून वार आणि तारीख दाखवणारे साधे विजेट केले. दिवसभर वेड्यावाकड्या अक्षरांशी झुंजणाऱ्या माणसाला फोन उघडताच नीट वळणाचा ‘मंगळवार’ दिसणे ही काही लहान गोष्ट नाही. जीबोर्ड या गूगलच्या टायपिंगच्या ॲपमध्ये मराठीसाठी देवनागरी कळफलक, रोमन अक्षरांतून लिप्यंतर आणि बोटाने गिरवून लिहिणे असे तिन्ही मार्ग आहेत. मी पहिला वापरतो, कारण ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक मला अंदाजावर सोडायचा नसतो.

मराठी मेनूची एक अडचण सांगायलाच हवी. कोणतीही सेटिंग कशी बदलावी याचे मार्गदर्शन बहुधा इंग्रजीत मिळते, आणि तिथल्या शब्दाचे मराठी रूप काय केले असेल हे आपल्याला ओळखावे लागते. पहिल्या महिन्यात मी यात बराच वेळ घालवला, आणि व्यवसायाच्या सवयीने काही भाषांतरांवर मनातल्या मनात लाल पेनही फिरवले.

दुसरा टिकलेला बदल नोटिफिकेशनचा. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून एकाच ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार फोनच्या सेटिंगमधूनच स्वतंत्रपणे बंद करता येतात. खाणे मागवण्याच्या ॲपमधून ‘ऑर्डर कुठे पोहोचली’ हे चालू ठेवून सवलतींचा मारा मी बंद केला. अर्थात काही ॲप जाहिरातीही ऑर्डरच्याच प्रकारात घुसवतात, आणि तिथे इलाज चालत नाही.

बॅटरी वाचवण्याचा या फोनचा उत्साह मात्र महागात पडला. आईच्या गोळ्यांची आठवण देणारे ॲप पार्श्वभूमीत बंद केले गेले आणि दोन संध्याकाळी ते वाजलेच नाही. त्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढल्यानंतर तक्रार उरली नाही, पण नव्या फोनवर हे काम वॉलपेपरच्या आधी करायला हवे होते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. देवनागरी अंकांमुळे काही ॲप अडखळतात; दर महिन्याला लागणाऱ्या एका ॲपमध्ये तारीख देवनागरीत उमटते आणि अर्ज पुढे सरकत नाही. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपला वेगळी भाषा देता येते, आणि अशाच दुसऱ्या एका ॲपला इंग्रजी देऊन मी मार्ग काढलाही. पण ॲप बनवणाऱ्यांनी तशी तरतूद केली असेल तरच त्याचे नाव त्या यादीत येते, आणि या ॲपचे नाव तिथे नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा मी सगळा फोन इंग्रजी करतो, अर्ज भरतो आणि पुन्हा मराठीवर येतो. तेवढी पाच मिनिटे माझ्या विजेटवर ‘ट्यूसडे’ असतो.