खिडकी उघडून उडता येतं

जमिनीपासून ३०० मीटर उंचीवर मला शेणखताचा वास आला. खिडकी उघडी होती. खाली कुणीतरी रानात खत टाकत होतं, त्याचा ट्रॅक्टरही दिसत होता, आणि तो वास वर माझ्यापर्यंत पोचला. आजवर चार वेळा विमानात बसलोय, पण आपण हवेत आहोत हे नाकाला पहिल्यांदाच कळलं. जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेन गावी झेपेलिनमधून, म्हणजे गॅसवर तरंगणाऱ्या लांबट हवाई जहाजातून, जे उड्डाण करवतात, त्याबद्दल हे लिहितोय. एवढे पैसे घालावेत का, असं महिन्याभरात तिघांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर.

माझं इचलकरंजीत ताडपत्री आणि कॅनव्हासचं दुकान आहे. फुग्याचं वेड त्याच्याही आधीचं. आमच्या जत्रेत फुगेवाला यायचा तो लोखंडी नळकांडं घेऊन. त्यात कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकायचा, झाकण आवळायचा, आणि जो गॅस निघायचा त्यावर फुगे भरायचा. तो हायड्रोजन, हे पुढे शाळेत कळलं. पाचवीत असताना मी एका फुग्याच्या दोऱ्याला एकेक बारीक खिळा बांधत गेलो. फुगा दमला तेव्हा ते खिळे आळीतल्या सोनाराच्या काट्यावर टाकले. दहा ग्रॅम भरले. माझं वजन पंचवीस किलो, म्हणजे फुगे लागणार अडीच हजार. वडिलांकडे, म्हणजे आमच्या दादांकडे, अडीच हजार फुग्यांचे पैसे मागितले. ते रागावले नाहीत. "आणि उतरणार कसा?" एवढंच म्हणाले. त्या प्रश्नाचं उत्तर हुडकत जे हाताला लागेल ते वाचत सुटलो, आणि त्यात झेपेलिन भेटलं.

यंदा मला साठ झाली. साठीशांतीचं घरात बोलणं चाललं होतं, तेवढ्यात स्टुटगार्टहून लेकीने दोन तिकिटांचा फोटो पाठवला. "बाबा, शांत नंतर करू." दोन तिकिटांच्या पैशांत आपल्याकडे नवी स्कूटर येते. मला कळल्यावर मी रात्रभर जागा होतो, पण पैशांच्या विचाराने नाही.

स्टुटगार्टच्या विमानतळाला लागूनच एश्टरडिंगेन आहे. जावई गाडीतून नेताना म्हणाला, "बाबा, हे गाव तुम्हाला माहीत असेल." असणारच! ५ ऑगस्ट १९०८ ला याच शिवारात काउंट झेपेलिनचं, म्हणजे ज्याच्या नावाने ही जहाजं ओळखतात त्या जर्मन सरदाराचं, चौथं जहाज वाऱ्याने दाव्यातून सुटलं आणि पेटून खाक झालं. काउंटला त्याच जुलैत सत्तरावं पुरं झालेलं. सगळी कमाई त्यात घातलेली. माणूस तिथंच संपला असता, पण लोकांनी आपण होऊन पैसे पाठवायला सुरुवात केली. बघता बघता साठ लाख मार्कांच्या वर लोकवर्गणी जमली. त्यातून कारखाना उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, प्रवासी नेणारी जगातली पहिली हवाई कंपनी निघाली. वर्गणीच्या पावत्या फाडत मी गल्लोगल्ली फिरलोय. घरटी पैसा निघतो तेव्हा त्यामागे काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून गाडी थांबवायला लावून दोन मिनिटं त्या रानाकडे बघत उभा राहिलो.

आता कामाचं. उड्डाणं वसंतापासून शरदापर्यंत असतात आणि सगळं वाऱ्यावर अवलंबून असतं. आमचं तिकीट शनिवारचं होतं. सकाळी वारा जास्त म्हणून उड्डाण रद्द झालं आणि आम्हाला रविवारची वेळ मिळाली. म्हणून सांगतो, हातात एक दिवस जादा ठेवूनच जा. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी असेल तर जाऊच नका. आम्ही ऐनवेळी एका लॉजवर राहिलो. त्यांनी खोलीचे दुप्पट पैसे घेतले आणि सकाळच्या नाश्त्याला शाकाहारी म्हणून नुसता पाव आणि काकडी दिली. त्यापेक्षा आधीच खोली बघून ठेवा.

तो रिकामा शनिवार सोन्याचा ठरला, कारण झेपेलिन संग्रहालय निवांत बघता आलं. तळ्याकाठच्या जुन्या बंदर-स्टेशनात ते १९९६ पासून आहे. आत 'हिंडेनबुर्ग' या जुन्या झेपेलिनचा ३३ मीटरचा तुकडा जसाच्या तसा परत बांधलाय. मूळ जहाज २४५ मीटरचं, तेव्हा हा त्याचा सातवा हिस्साही नाही, तरी खाली उभं राहिल्यावर मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. जिन्याने वर चढलो. झोपायच्या खोल्या आपल्या रेल्वेच्या कूपेपेक्षा लहान, एकावर एक दोन बर्थ, भिंतीत मिटणारं बेसिन. बाहेर मात्र तिरप्या काचांची लांब गॅलरी, जिथं उभं राहून लोक अटलांटिक महासागर बघत जायचे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या तुळयांना वजन वाचवायला ओळीने भोकं पाडलेली आहेत. अशी एक तुळई मी हाताने चाचपून पाहिली आणि बराच वेळ तिथून हललो नाही.

सौ.ने विचारलं, "हेच ना ते पेटलेलं?" हो, तेच. ६ मे १९३७, अमेरिकेत लेकहर्स्टला उतरताना. जहाजावर ९७ माणसं होती, त्यातली ३५ गेली, आणि जमिनीवरचा एक कामगार. म्हणजे ६२ वाचली, हे फार जणांना माहीत नसतं. जहाज खरं तर हेलियमसाठी आखलेलं. हेलियम तेव्हा अमेरिकेकडे होतं आणि त्यांनी ते दिलं नाही, म्हणून हायड्रोजन भरावा लागला. म्हणजे आमच्या जत्रेतल्या नळकांड्यातलाच गॅस, दोन लाख घनमीटर. आज आपण ज्यात बसतो त्यात हेलियम आहे. हेलियम पेटत नाही. हे मी सौ.ला तिथंच सांगितलं, आणि रात्री झोपताना पुन्हा एकदा सांगितलं.

कापडवाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या झेपेलिनमध्ये गॅस भरायच्या पिशव्या असायच्या, आणि त्यांना आतून गुरांच्या आतड्याचा पापुद्रा चिकटवलेला असायचा. एकेका जहाजाला लाखो पापुद्रे लागायचे. सोन्याचांदीचा वर्ख कुटणारे कारागीर ज्या पापुद्र्यांच्या वहीत पत्रा ठेवून कुटायचे, तोच हा माल. बर्फीवरचा वर्ख आणि अटलांटिक ओलांडणारं जहाज एकाच पापुद्र्यावर उभं होतं! असं पातळ आणि असं घट्ट दुसरं काही त्या काळी मिळतच नव्हतं.

आपल्याकडेही असं एक जहाज येणार होतं. इंग्रजांचं 'आर १०१' ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीला निघालं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. तिथं त्याच्यासाठी भलीथोरली शेड आणि जहाज बांधून ठेवायचा मनोरा तयार होता. जहाज फ्रान्समध्येच पडलं, ४८ माणसं गेली, आणि ती शेड रिकामीच राहिली. त्या शेडचा विचार माझ्या मनात आजही येतो.

रविवारी वारा पडला. उजाडल्यापासून तळं काचेसारखं.

बसवायची पद्धत बघण्यासारखी आहे. आधीची फेरी उतरते तेव्हा जहाज मैदानावर टेकतं, पण शांत उभं राहत नाही, वाऱ्याबरोबर हलत असतं. गोंडोल्याला, म्हणजे खाली लटकणाऱ्या माणसं बसायच्या खोलीला, छोटी शिडी लावतात. मग दोन प्रवासी उतरतात, दोन चढतात. पुन्हा दोन उतरतात, दोन चढतात. सगळे एकदम उतरले तर जहाज हलकं होऊन उठेल, म्हणून ही अदलाबदल. उसाच्या गाडीचं वजन काट्यावर करताना बघत मोठा झालेल्या माणसाला हे फार आवडलं. चढताना शिडी पायाखाली जरा डोलते. सौ.ने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता, ते बरं झालं. गुडघे दुखत असतील तर कर्मचारी हात देतात, घाई करत नाहीत.

शिडीपाशी दोन क्षण उभं राहायला मिळालं तेव्हा मी वर कापडाकडे बघून घेतलं. टाका कुठेच नाही. आम्ही पीव्हीसी ताडपत्री गरम हवेने जोडतो तसा सपाट जोड, पण इतका स्वच्छ की बोट फिरवावंसं वाटलं. जीएसएम, म्हणजे कापडाचं चौरस मीटरमागचं वजन, विचारायचं मनात होतं, तेवढ्यात आमची पाळी आली.

इथं एक खुलासा. ज्याला ब्लिंप म्हणतात त्याला आत सांगाडा नसतो. गॅसच्या दाबानेच त्याचा आकार टिकतो, फुग्यासारखा. काउंटच्या जुन्या जहाजांना पूर्ण सांगाडा होता. हे नवं, झेपेलिन एनटी, दोन्हींच्या मधलं. ७५ मीटर लांब, आत कार्बन फायबरच्या त्रिकोणी चौकटी, त्यांना जोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुळया, आणि आकार राखायला दाबही. १९९७ मध्ये पहिलं उडालं. अमेरिकेतल्या खेळाच्या मैदानांवर जे प्रसिद्ध गुडइयर ब्लिंप फिरतं, तेही आता खरं तर हेच झेपेलिन आहे, नाव तेवढं ब्लिंप राहिलंय.

उड्डाण. तीन इंजिनं आहेत, दोन बाजूंना आणि एक शेपटीला, आणि पंखे वळवता येतात. पंखे वळले, नाक वर झालं, आणि मैदान खाली गेलं. धावपट्टी नाही, पाठ खुर्चीला चिकटत नाही, कानाला दडे बसत नाहीत. इंजिनं गोंडोल्यापासून लांब वर लावलेली आहेत, त्यामुळे शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येतं. थोड्या वेळाने पट्टे सोडा म्हणाले. सगळे उठले आणि खिडकीपासून खिडकीपर्यंत फिरायला लागले. मागे रुंद काच आहे, तिच्यापाशी बसायला बाक. पुढे दोन पायलट, मध्ये पडदा ना दार, त्यांच्या खांद्यावरून बघा किती बघायचं ते.

वेग बसच्या इतका. हाच खरा आनंद आहे. खालच्या अंगणात एक बाई चादरी वाळत घालत होती. तिने वर पाहिलं, चिमटा हातात तसाच ठेवून हात केला, आम्ही हात केला, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत वेळ होता. सफरचंदाच्या बागांवर गारांपासून वाचवायला जाळ्या ताणलेल्या होत्या. तासगावकडच्या द्राक्षबागा आठवल्या, आणि ताण कुठे सैल पडलाय तेही वरून दिसत होतं. मग तळं लागलं. पाण्यावर आमची सावली पडली, लांबट, काकडीसारखी, आणि एका शिडाच्या होडीवरून ती सावकाश सरकत गेली. मेर्सबुर्गचा किल्ला, मायनाऊ बेटावरची फुलं, पलीकडे स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर. डोंगर सुंदरच, पण मी जास्त वेळ खाली बघत होतो. सौ. पाऊण तासात एकदाही बसली नाही. पेटलेल्या जहाजाचं नाव तिने काढलं नाही. "आपलं गाव असं बघायला मिळालं पाहिजे," असं मात्र दोनदा म्हणाली.

तक्रार शोधायचीच तर पाऊण तास कमी पडतो. अर्ध्या तासाचं तिकीट स्वस्त असतं, पण ते घेऊ नका. पहिली दहा मिनिटं तर आपण खरंच वर आहोत यावर विश्वास ठेवण्यातच जातात. पैसे कमी असतील तर एकाचंच काढा, पण मोठं काढा. आणि उघडणाऱ्या खिडक्या मोजक्याच असतात, पट्टे सुटले की आधी तिकडे जा.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर उतरताना डोळ्यांनी पाहिलं. हे जहाज हवेपेक्षा मुद्दाम थोडं जड ठेवतात, काही शे किलोंनी. वर धरायचं काम पंखेही करतात. त्यांचा जोर कमी केला की ते आपोआप खाली येतं, गॅस सोडावा लागत नाही. नाक खाली झालं, समोर हिरवं मैदान वाढत गेलं, कामगार दोन्ही बाजूंनी पुढे आले, आणि चाक टेकलं. असं उतरायचं, दादा.

आमची जोडी दुसरी होती. शिडीच्या पायथ्याशी एक आजी आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा वाट बघत उभे होते. मला जर्मन येत नाही. मी त्याला उघडणारी खिडकी बोटाने दाखवली, आणि नाकाने जोरात श्वास घेऊन दाखवला. त्याने मान हलवली आणि तो चढला.