मॉडेल कशाशी ताडून पाहायचं: स्थानकं, उपग्रह की रीअ‍ॅनालिसिस?

एकाच हवामान मॉडेलचा पाऊस तीन वेगवेगळ्या डेटासेटशी ताडला, तर तीन वेगळी गुणपत्रकं हाती येतात. मॉडेल तेच असतं, बदलते ती फूटपट्टी. म्हणून ‘कोणतं मॉडेल बरं?’ याच्या आधी ‘कशाशी तुलना करणार?’ हे ठरवावं लागतं.

स्थानकांवरून केलेले ग्रिड

स्थानकांची मोजमापं नकाशावरच्या चौकोनांत (ग्रिडमध्ये) बसवून हे डेटासेट बनतात. तापमानाचा शंभर-दीडशे वर्षांचा कल तपासायचा असेल तर इथेच यावं लागतं, दुसरा खरा पर्याय नाही. हॅडक्रट-५ हा जागतिक तापमानाचा ब्रिटिश डेटासेट १८५० पासून आहे आणि त्याची चौकट अक्षांश-रेखांशाच्या ५ अंशांची आहे. अनिश्चितता दाखवण्यासाठी त्याच्या २०० आवृत्त्या मिळतात. नासाचा जिस्टेम्प १८८० पासून आहे. तो एका स्थानकाची माहिती १२०० किलोमीटरपर्यंत पसरवतो, त्यामुळे रिकाम्या जागा कमी उरतात. ज्या वर्षांची सरासरी शून्य धरतात ती आधारवर्षंही दोघांची वेगळी आहेत: हॅडक्रटची १९६१–१९९०, जिस्टेम्पची १९५१–१९८०. मॉडेलचं विचलन (त्या सरासरीपासूनचा फरक) त्याच आधारावर काढलं नाही, तर दोन रेषांमध्ये नसलेला फरक दिसतो.

इथे चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली, रिकामे चौकोन. जुन्या काळात आर्क्टिकमध्ये स्थानकं फारच विरळ, आणि तापतो तोच भाग सर्वात वेगाने. भरणी न केलेला डेटासेट घेतलात तर मॉडेलमधलेही तेच चौकोन, त्याच महिन्यांसाठी झाका. नाहीतर मॉडेल विनाकारण ‘गरम’ ठरतं. दुसरी चूक समुद्रावरची. हे डेटासेट जमिनीवर हवेचं तापमान घेतात, पण समुद्रावर पाण्याच्या पृष्ठभागाचं. मॉडेलमधून मात्र सगळीकडे २ मीटरवरच्या हवेचं तापमान उचलण्याची सवय असते, आणि मॉडेलमध्ये समुद्रावरची हवा पाण्यापेक्षा किंचित जास्त वेगाने तापते. मॉडेलचीही जमिनीवर हवा, उघड्या समुद्रावर पाणी आणि बर्फावर पुन्हा हवा अशीच मोट बांधावी.

पावसासाठी जीपीसीसीसारखे पर्जन्यमापकांवर आधारलेले ग्रिड फक्त जमिनीपुरते असतात. वाऱ्यात मापकात कमी पाऊस पडतो, हिमवर्षावात तर ही तूट बरीच मोठी असते. एका मापकावरचा दिवसाचा विक्रमी पाऊस मॉडेलच्या १०० किलोमीटरच्या चौकोनाशी थेट ताडू नका: एक बिंदू आहे आणि दुसरी एवढ्या मोठ्या क्षेत्राची सरासरी.

उपग्रह

ढग, प्रारण आणि समुद्रावरचा पाऊस यांसाठी उपग्रहाला तोड नाही. नासाच्या सेरेस उपकरणांची प्रारणाची (पृथ्वीवरून परतणारा सूर्यप्रकाश आणि उष्णता यांची) नोंद मार्च २००० पासून आहे. नासाचाच आयमर्ग हा डेटासेट पावसाचं चित्र ०.१ अंशाच्या चौकटीत, दर अर्ध्या तासाला देतो. पण उपग्रह पाऊस किंवा तापमान मोजत नाही. तो प्रारण मोजतो, बाकी सगळं गणितातून येतं, आणि गणित चुकू शकतं. वातावरणाच्या खालच्या थरांचं तापमान देणाऱ्या एका उपग्रह-मालिकेत कल सुरुवातीला मॉडेलपेक्षा बराच कमी दिसत होता. पुढे कळलं की उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली येत होती, शिवाय त्यांची मोजणीची स्थानिक वेळही सरकत होती. १९९८ आणि २००५ मध्ये या त्रुटी दाखवल्या गेल्या आणि तफावतीचा मोठा भाग निरीक्षणांच्या बाजूचा निघाला.

ढगांची सरळ तुलना तर करूच नये. वरून पाहताना उंच ढगाआड खालचा ढग लपतो, मॉडेलला मात्र दोन्ही ‘दिसतात’. यावर उपाय कॉस्प हा सिम्युलेटर. मॉडेलच्या वातावरणाकडे उपग्रहाने पाहिलं असतं तर काय नोंदलं असतं, ते तो काढतो. तो बहुधा रन (मॉडेलची धाव) चालू असतानाच जोडलेला असावा लागतो, नंतर मासिक सरासरीवरून ते जमत नाही.

वातावरणाच्या माथ्यावर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रारणाचा निव्वळ जागतिक ताळेबंद सेरेसशी जुळला म्हणून खूश होऊ नये. बहुतेक मॉडेलं त्याच आकड्याच्या आसपास ट्यून केलेली असतात. लघुतरंग (सूर्यप्रकाश) आणि दीर्घतरंग (पृथ्वीची उष्णता) वेगळे काढा, मग प्रदेशवार पाहा. कमी पण जास्त चकाकणारे ढग बनवून बेरीज बरोबर आणणारी मॉडेलं तिथे उघडी पडतात.

रीअ‍ॅनालिसिस

रीअ‍ॅनालिसिस म्हणजे जुनी निरीक्षणं हवामान-अंदाजाच्या मॉडेलमध्ये मिसळून बनवलेलं भूतकाळाचं सलग चित्र. सर्वात सोयीचा पर्याय, आणि म्हणूनच सर्वात जास्त गैरवापर होणारा. युरोपीय केंद्राचा ईआरए-५ हा १९४० पासून, ३१ किलोमीटरच्या ग्रिडवर, तासातासाला आणि उंचीच्या १३७ पातळ्यांवर मिळतो. कुठे भोक नाही. वारा, दाबपातळ्यांची उंची, वरच्या हवेचं तापमान यांसाठी तो बेधडक वापरा. पण त्यातला पाऊस हा अल्पमुदतीच्या अंदाजातून आलेला असतो, तो मोजलेला नाही. त्याच्याशी मॉडेल ताडणं म्हणजे बऱ्याच अंशी मॉडेलशीच मॉडेल ताडणं.

दीर्घकालीन कलासाठीही जपून. उपग्रहांची निरीक्षणं १९७० च्या दशकाअखेरीस मोठ्या प्रमाणावर सामील झाली, की मालिकेत कृत्रिम पायरी येऊ शकते. १९७९ नंतरचाच काळ घ्या आणि सोबत जपानच्या जेआरए-५५ सारखा दुसरा रीअ‍ॅनालिसिस ठेवा. दोघांतलाच फरक मॉडेलच्या चुकीएवढा असेल, तर त्या राशीवरून मॉडेलला नापास करता येत नाही.

कोणता रन, कोणतं माप

सीएमआयपी-६ या जगभरच्या हवामान मॉडेलांच्या तुलना-प्रकल्पातला ‘हिस्टॉरिकल’ रन १८५० ते २०१४ चा. त्यात समुद्राचं तापमान मॉडेल स्वतःच काढत असल्याने मॉडेलचा एल निन्यो त्याच्या स्वतःच्या वर्षी येतो. १९९७–९८ चा एल निन्यो त्यात त्याच साली शोधणं व्यर्थ आहे, आणि वर्षागणिक सहसंबंध काढणंही. तीस वर्षांची सरासरी, चढउतारांचा आवाका, ऋतुचक्र हे पाहा. विशिष्ट वर्षंच ताडायची असतील तर खरं समुद्रतापमान दिलेला ‘एएमआयपी’ रन घ्यावा. पंधरा वर्षांच्या कलावरून निकाल द्यायचा असेल तर एक रन पुरत नाही. त्याच मॉडेलचे अनेक सदस्य (किंचित वेगळ्या सुरुवातीचे रन) घ्या आणि निरीक्षण त्यांच्या पसाऱ्यात बसतं का, एवढंच विचारा.

टेलर आकृती सहसंबंध, प्रमाण विचलन आणि सरासरी वजा केल्यावरची चूक एका बिंदूत दाखवते. सरासरी आधीच वजा झालेली असल्याने तीन अंशांनी थंड मॉडेलही तिथे उत्तम दिसू शकतं. सरासरी चूक शेजारी वेगळी लिहा. वार्षिक तापमानाच्या जागतिक नकाशाचा सहसंबंध विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यातल्या फरकामुळेच जवळजवळ सगळ्यांचा उंच येतो, त्यावरून निवड होत नाही. दैनंदिन पावसासाठी दोन वितरणं एकमेकांवर किती बसतात हे मोजणारा पर्किन्स गुणांक बरा. वर्गमूळ-वर्ग-सरासरी चूक तिथे गुळगुळीत, निर्जीव चित्राला बक्षीस देते.

आकडेमोड करताना पाऊस किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात असतो, ८६४०० ने गुणला की मिलिमीटर प्रति दिवस. काही मॉडेलांचं वर्ष ३६० दिवसांचं असतं, हे दैनंदिन तुलनेत हमखास विसरलं जातं. बारीक ग्रिड जाड ग्रिडवर आणा, उलट नको. सीडीओ या हवामान-डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये पावसासाठी ‘रीमॅपकॉन’ वापरा, कारण ‘रीमॅपबिल’मध्ये एकूण पाणी जपलं जात नाही. डोंगराळ भागात मॉडेलची उंची आणि स्थानकाची उंची यांतला फरक किलोमीटरमागे साधारण ६.५ अंशांनी दुरुस्त करा. जागतिक सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्या, नाहीतर ध्रुवांजवळचे चिमुकले चौकोन विषुववृत्ताएवढेच वजनदार ठरतात.

हे सगळं भविष्याच्या अंदाजासाठी मॉडेलं निवडायला करत असाल, तर सरासरी हवामानाचे गुण बाजूला ठेवून १९८० नंतरचा तापमानवाढीचा वेग वेगळा तपासा. सीएमआयपी-६ मधल्या मॉडेलांची समतोल संवेदनशीलता (कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर अखेर होणारी तापमानवाढ) १.८ ते ५.६ अंशांपर्यंत पसरलेली आहे, आणि आजचं हवामान सुरेख दाखवणारी मॉडेलं या पसाऱ्याच्या वरच्या टोकालाही सापडतात.