स्टोरीवीव्हर : एकशिक्षकी शाळेच्या गरजेतून एक परीक्षण

गोव्यात शाळाच नाही असा गाव शोधून सापडणे कठीण आहे. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, आणि २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८८.७ टक्क्यांवर पोहोचली यात त्या शाळांचा वाटा मोठा आहे. उणीव आहे ती पाठ्यपुस्तकाबाहेरच्या, लहान मुलाला स्वतःच्या बळावर वाचता येतील अशा पुस्तकांची. एकशिक्षकी सरकारी शाळेत पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसतात; कपाटात पुस्तके असली तरी ती बहुधा चौथीच्या मुलाला जेमतेम झेपणारी असतात, आणि नुकतीच काना-मात्रा ओळखू लागलेली पोरे हात हलवत बसतात. ही उणीव कितपत भरून निघते हे पाहण्यासाठी डिचोली तालुक्यातील एका शाळेच्या वाचनतासाला मी स्टोरीवीव्हर हा मोफत डिजिटल पुस्तकसंग्रह वापरते आहे.

बेंगळुरूची प्रथम बुक्स ही ना-नफा प्रकाशन संस्था २००४ साली स्थापन झाली आणि तिने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये स्टोरीवीव्हर सुरू केले. (‘असर’ हे शैक्षणिक सर्वेक्षण करणारी ‘प्रथम’ ही संस्था वेगळी, नावसाधर्म्यामुळे आपल्याकडे अनेक शिक्षकांची गफलत होते.) संकेतस्थळावर चित्रकथांची पुस्तके चार पातळ्यांत लावलेली असून ती वाचायला पैसे पडत नाहीत. त्याहून महत्त्वाचा आहे तो परवाना. बहुतेक पुस्तके क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली असल्याने लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांचा नामोल्लेख ठेवून ती कोणालाही छापता, वाटता, अनुवादित करता, इतकेच नव्हे तर विकताही येतात. इतर अनेक शैक्षणिक अॅपमध्ये मजकूर त्या अॅपच्या आतच अडकून राहतो, आणि अॅप बंद पडले की शाळेच्या हाती काही उरत नाही. येथे उतरवून घेतलेले पुस्तक शाळेचे होते.

गोव्यातील वर्गाला या संग्रहाचा सर्वाधिक उपयोग होतो तो भाषांच्या बाबतीत. आमच्या सरकारी मराठी शाळांत आज घरी कोकणी बोलणारी मुले असतात, कर्नाटकातून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांतील कन्नड बोलणारी मुले असतात, आणि बांधकामाच्या जागेवरून येणारी हिंदी भाषक मुलेही असतात. मराठी त्यांच्यापैकी अनेकांना शाळेच्या उंबरठ्याच्या आतच भेटते. स्टोरीवीव्हरवर एकाच चित्रकथेच्या अनेक भाषांतील आवृत्त्या सापडतात. चित्रे तीच, पानांचा क्रम तोच, मजकूर तेवढा बदललेला. कन्नड बोलणाऱ्या मुलीला आधी तिच्या भाषेतून गोष्ट ऐकवली आणि मग तेच पुस्तक मराठीत हाती दिले, तर गोष्टीत काय चालले आहे हे तिला आधीच ठाऊक असते आणि तिचे सारे लक्ष अक्षरांकडे राहते. कन्नड वाचून दाखवायला शिक्षकाला यायलाच हवे असे नाही. पाचवी-सहावीतला थोरला भाऊ किंवा वाचता येणारी आई हे काम उत्तम करते, आणि त्या निमित्ताने आई शाळेत येते हा फायदा वेगळाच.

संग्रह एकट्या भारताचा नाही. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकन स्टोरीबुक आणि बुक डॅश या उपक्रमांची पुस्तकेही त्यावर आहेत. तिथलीही अडचण आपल्यासारखीच आहे: घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि लहान मुलांसाठी दोन्हींत छापील पुस्तके तुटपुंजी. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. आपल्या ग्रामीण भागात ‘असर’ने २०२४ मध्ये तपासलेल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २७.१ टक्के होती. पटावर नाव असणे आणि वाचता येणे यांतील हे अंतर पाहिले म्हणजे फुकट पुस्तकांचे कौतुक थोडे आवरते घ्यावेसे वाटते.

कारण हा संग्रह वाचायला शिकवत नाही. ज्या मुलाला अजून अक्षरे जोडता येत नाहीत, त्याच्यासमोर शंभर पुस्तके ठेवली तरी तो चित्रेच पाहणार. त्याच्यासाठी शिक्षकाने रोज घेतलेले अक्षरओळखीचे काम लागते. पातळ्यांबाबतही सावध राहावे. त्या मुख्यतः शब्दसंख्या, वाक्यांची लांबी आणि कथेची गुंतागुंत यांवर बेतलेल्या आहेत, देवनागरीच्या पायऱ्यांवर नव्हे. त्यामुळे पहिल्या पातळीच्या मराठी पुस्तकातही जोडाक्षर किंवा रफार येऊ शकतो, आणि नेमके तिथेच पहिलीतले मूल अडखळते. शिवाय अनुवाद कोणालाही करता येत असल्याने मराठी एकसारखी नसणार हे गृहीत धरावे. एखादे पुस्तक मुलांच्या तोंडी सहज बसते, तर एखाद्यातील वाक्य कार्यालयीन परिपत्रकासारखे चालते. मुलांना देण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक शिक्षकाने एकदा मोठ्याने वाचावे, ही माझ्या मते या सेवेची खरी किंमत आहे, आणि एकशिक्षकी शाळेत पैशांपेक्षा वेळाचीच चणचण असते. तालुक्यातील चार-पाच शिक्षकांनी मिळून निवडलेल्या पुस्तकांची यादी केली आणि ती केंद्रशाळेत ठेवली, तर हे काम वाटले जाईल.

संपर्कजाळ्याची अडचण सत्तरी आणि काणकोणच्या आतल्या गावांत आहेच, पण ती या सेवेला मारक ठरत नाही. तालुक्याच्या ठिकाणी पीडीएफ उतरवून घ्यावी आणि जुन्या लॅपटॉपवरून किंवा टॅबवरून दाखवावी. उतरवण्यासाठी खाते मात्र उघडावे लागते. निवडक पुस्तकांना ध्वनीची जोड आहे. आवाजाबरोबर शब्द उजळत जातात, आणि मागे पडलेल्या मुलाला त्याचा चांगला आधार होतो. छपाईचे गणित वेगळे आहे. रंगीत प्रत काढायला झेरॉक्सच्या दुकानात बाजारातल्या स्वस्त छापील पुस्तकाइतका किंवा त्याहून अधिक खर्च सहज होतो, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत चित्रांचा अर्धा जीव जातो. मोजकीच पुस्तके छापावीत, जाड कागदावर छापावीत, आणि खर्च पालक-शिक्षक संघाकडे मागावा. छापलेले पुस्तक मूल घरी नेऊ शकते; टॅब कपाटात कुलूपबंद राहतो.

पाचापैकी चार गुण मी देईन. एक गुण राखून ठेवला आहे तो कोकणीसाठी: गोव्यातील मुलाला लागतील तेवढी पहिल्या दोन पातळ्यांची पुस्तके त्या भाषेत अजून हवी आहेत. अनुवादाचे दार खुले आहे, आणि मराठी-कोकणी दोन्हीवर हात असलेले निवृत्त शिक्षक साखळी-फोंड्यात काही कमी नाहीत.