प्रभूचं मेज कोणासाठी? कमिटीत मत देण्याआधी

महिन्याचा पहिला रविवार. पावाच्या ताटलीमागून काचेच्या छोट्या पेल्यांचा ट्रे रांगेतून हातोहात पुढे सरकतो. माझ्या शेजारी बसणारी ताई दोन वर्षं न चुकता उपासनेला येते. गीतं तिला तोंडपाठ आहेत, आणि मंडळीत कोणी आजारी पडलं की प्रार्थनेला तीच सगळ्यांत आधी पोचते. ट्रे आला की ती तो दोन्ही हातांनी धरते, पेले हिंदकळू न देता पलीकडच्याला देते आणि हात मांडीवर ठेवते. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही.

अशी माणसं अनेक मराठी मंडळ्यांत आहेत आणि कधी ना कधी कमिटीत विषय निघतोच: यांना प्रभुभोजन, म्हणजे हा पाव आणि पेला, द्यायचं की नाही? त्या बैठकीत ज्यांना हात वर करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मेज खुलं ठेवा म्हणणाऱ्यांची बाजू हलकी समजू नका. येशू जकातदार आणि पापी लोकांच्या पंगतीला बसला, तेही त्यांनी पश्चात्ताप केल्याचा दाखला न मागता. अमेरिकेतलं युनायटेड मेथडिस्ट चर्च बाप्तिस्मा न झालेल्यालाही मेजावरून परत पाठवत नाही. मात्र त्याला पुढे बाप्तिस्म्याकडे न्यावं, अशी त्यांची शिकवण आहे. यामागे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचा विचार आहे: प्रभुभोजन हे विश्वास पक्का झाल्यावर मिळणारं बक्षीस नाही, त्यातूनच माणूस विश्वासाकडे येऊ शकतो. आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीवरून त्यांचा आपल्याला शिकवणाऱ्या मठातल्या भगिनींशी पुढेही वाद चालूच राहिला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः नंतर भेटला, असं त्यांनीच पुढे लिहिलं. सगळी शिकवण पटल्यावरच आत घ्यायचं ठरलं असतं, तर रमाबाई बाहेरच राहिल्या असत्या.

पण वेस्लीचा दाखला इथे आणताना एक गोष्ट सुटते. त्याच्या इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येकाचा बाप्तिस्मा पाळण्यातच झालेला असे. त्याच्यापुढे असलेला प्रश्न थंडावलेल्या ख्रिस्ती माणसांचा होता. अमेरिकेत नॉर्थहॅम्प्टनला पाळक सॉलोमन स्टॉडर्डने मेज मोकळं केलं, तिथलेही बहुतेक लोक लहानपणी बाप्तिस्मा झालेलेच होते. त्याचा नातू जोनाथन एडवर्ड्स त्याच मंडळीचा पाळक झाला आणि पुढे त्याने मनापासूनच्या विश्वासाची कबुली मागायला सुरुवात केली. 1750 साली मंडळीने त्यालाच काढून टाकलं. एकदा मोकळं केलेलं मेज पुन्हा आवरणं किती अवघड असतं, हे कमिटीने आधीच ध्यानात घ्यावं.

बाप्तिस्म्याची अट मात्र मिशनऱ्यांनी आणलेली नाही, ती फार जुनी आहे. 'बारा प्रेषितांची शिकवण' या अगदी सुरुवातीच्या लेखात ती स्पष्ट आहे आणि दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरही तेच सांगतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही ती पाळतात. काही ठिकाणी मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) इतरांना हात छातीशी दुमडून आशीर्वादासाठी पुढे यायला सांगतात. ती पद्धत मला आवडते. नकार आहेच, पण माणूस जागेवर एकटा बसून राहत नाही.

अट ठेवा म्हणणारे लोक प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पुढे करतात: अयोग्य रीतीने खाऊ नका. अध्याय पूर्ण वाचा. पौल तिथे मंडळीच्याच लोकांवर रागावला आहे, कारण ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. आणि अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. स्वागत एका पारड्यात आणि सत्य दुसऱ्या, अशी मांडणी मला म्हणूनच पटत नाही. त्या दिवशी माणसाला पंगतीत घेणं हेच सत्य होतं.

आपल्या मंडळ्यांत तर हा विषय जिव्हारी लागतो. आपल्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे पंक्तिभेद सोसून ख्रिस्ताकडे आले. ट्रे एखाद्याला ओलांडून गेला की ती जुनी आठवण ठसठसते, आणि ते साहजिक आहे. तरी फरक आहे. जात बदलता येत नव्हती. बाप्तिस्म्याचं पाणी कोणालाही मागता येतं. मात्र तो मागायचा कसा हे कोणी सांगत नसेल, तर माझ्या मते फरक उरत नाही. मी त्या ताईला एकदा विचारलं, बाप्तिस्म्याचं काय ठरवलंत? ती म्हणाली, "मला अजून कुणी विचारलंच नाही." मान खाली गेली माझी.

काहींचं कारण वेगळं असतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध सोडून इतर धर्माच्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. म्हणजे अनुसूचित जातीतल्या एखाद्या मुलाने बाप्तिस्मा घेतला की त्या वर्गाची शिष्यवृत्ती आणि नोकरीतली राखीव जागा दोन्हींवर पाणी. कमिटीत ज्यांनी ही किंमत कधी मोजलेली नाही, त्यांनी या मुलाच्या विश्वासाबद्दल जपून बोलावं. त्याला लपूनछपून प्रभुभोजन द्यावं असं मी म्हणणार नाही; लपवलेला विश्वास त्याच्यावरच ओझं होतो. पण निर्णय होईपर्यंत त्याच्यासोबत बसणारं, त्याच्या फीची चिंता करणारं कोणीतरी मंडळीत हवं.

माझं मत विचाराल तर मेज बाप्तिस्मा झालेल्यांसाठी ठेवा आणि बाकी सगळं उघडा: गायन, शास्त्राभ्यास, प्रीतिभोजन (सगळ्यांचं एकत्र जेवण), घरची प्रार्थना. रेव्हरंड टिळकांनी 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या शिष्यांचा एकत्र बंधुसंघ म्हणून. तेव्हा ही सोबत आपल्या मातीत नवी नाही. आणि सत्य जपताना कुठलं सत्य, तेही पाहा. 1970 मध्ये नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढपणी घेतलेला बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. प्रत्येक मतभेदासाठी दार लावायचं नसतं.

बंद मेज ठरवणार असाल तर स्कॉटलंडच्या जुन्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची एक रीत बघा. तिथे प्रभुभोजनासाठी शिशाचं छोटं टोकन लागे. पुढे त्या टोकनाचा मानमरातबही झाला असेल, पण ते देण्याआधी मंडळीचे वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, घरी जाऊन माणसाशी बोलत असत. आपल्याकडे ट्रे पुढे सरकतो आणि घरी कोणीच जात नाही.

म्हणून मतदानाच्या आधी एक वही घ्या आणि ट्रे नुसता पुढे देणाऱ्यांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे कमिटीतल्या कोणाचं तरी नाव आणि भेटीचा वार लिहा. ताईच्या नावापुढे मी माझं लिहिलंय, येत्या गुरुवारी संध्याकाळी.