जुन्या गाडीचा एक्झॉस्ट: साधं स्टील की स्टेनलेस?

सायलेन्सर सडलाय आणि नवा कोणता बसवायचा हे ठरत नसेल, तर आधी गाडी किती चालते ते बघा.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. छोट्या फेरीत पाइप पुरता तापत नाही, पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचतं आणि साधं स्टील आतून सडतं. वरचा रंग शाबूत दिसतो, पण स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार! म्हणजे जपून, कमी वापरलेल्या गाडीचाच एक्झॉस्ट लवकर जातो. इथे स्टेनलेस निर्विवाद सरस. मात्र ग्रेड विचाराच: ४०९ मध्ये क्रोमियम सुमारे ११ टक्के, त्यावर तांबूस गंज चढतो, ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के, शिवाय निकेल, म्हणून ते गंजाला जास्त दाद देत नाही.

खर्चात साधं स्टील स्वस्त, वेल्डिंगही सोपं. ३०४ तापल्यावर जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे बसवताना बॉडीपासून थोडी जागा सोडावी लागते.

ताकदीच्या जाहिराती सोडून द्या. व्यास आणि रचना तीच असेल तर नुसता धातू बदलून इंजिन जोमदार होत नाही. पातळ स्टेनलेसचा आवाज जरा पत्र्यासारखा येतो, मला साध्या स्टीलचा घुमाराच आवडतो.

गाडी प्रदर्शनात मूळ रूपात मांडायची किंवा लवकरच विकायची असेल, तर साधं स्टील घ्या. गाडी वर्षानुवर्षं ठेवायची आणि अधूनमधूनच काढायची असेल, तर ३०४ला पर्याय नाही.